आमचे अंमलदार

सीवूड्सला आम्ही भाड्याने जागा बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी डिपॉझिट, अ‍ॅग्रीमेंट वगैरे विषय काढायच्या आधी विचारलं, "व्यसनं काय काय आहेत?"

नवरा घाईघाईने म्हणाला, "काही नाही. कसलंच नाही."

"चहा?"

"तो घेतो ना. तीन-चार वेळा होतो."

"मग नाही कशाला म्हणता? ज्याला स्वतःचं व्यसन माहीत नाही, त्याला भाड्याची तारीख तरी कशी माहीत असणार?"

आता ही जागा गेली, असं मी मनाशी धरून चालले. तेवढ्यात माझी आई मागून म्हणाली, "म्या मिशरी लावते, सायेब. दिसातनं दोन डाव. कदी तीन." आई सातारकडची. वडील गेल्यावर आमच्याकडे राहायला आली, ती तंबाखू भाजायचा लोखंडी तवा पिशवीत घालूनच. घरमालकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि किल्ली माझ्याऐवजी तिच्या हातात दिली.

ते आमच्या खालच्याच मजल्यावर राहत. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा उलव्याला नव्या टॉवरमध्ये राहायचा आणि दर रविवारी फोन करून तिकडे या म्हणायचा. हे जात नसत. उलव्यात सगळे सेक्टर सारखेच दिसतात, तिथे काही न घेताही माणूस रस्ता चुकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

न्हावा शेव्याला बंदरात उतरणाऱ्या मालाचे नमुने तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली होती. सोसायटीतल्या लोकांना वाटायचं, हा माणूस हेरॉइनच्या पोत्यावर बसून डबा खात असणार. मी स्वतः बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे तिथे रोज काय येतं ते मला ठाऊक आहे. रोज येतं पामतेल. कधी रंग, कधी प्लास्टिकचे दाणे. संशयाची पावडर कधीतरी यायची, आणि त्यातही निम्म्या वेळा तो मैदा निघायचा. "माझं आयुष्य पामतेलात गेलं," ते म्हणत, "पण पामतेलावर बोलायला कुणी चहाला बोलवत नाही."

नोकरीने त्यांच्या बोलण्याची मात्र वाट लावली होती. काहीही तपासल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोलायचं तर 'आढळले' किंवा 'आढळले नाही' एवढंच. मी पहिल्यांदा खिचडी नेऊन दिली, तर डबा परत करताना म्हणाले, "हिंग आढळला. मीठ आढळलं नाही." तोंडदेखलं छान म्हणणं त्यांना येतच नसे. लोक त्यांना टाळत, त्याचं निम्मं कारण हेच असावं.

मागून त्यांना सगळे 'अंमलदार' म्हणत. अंमली पदार्थांवर सतत बोलतात म्हणून कुणीतरी खोडसाळपणे ठेवलेलं नाव. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता भांडण होणार. ते उलट खूश झाले. "अंमल म्हणजे राज्य आणि अंमल म्हणजे नशा," ते जिन्यात थांबून मला समजावून सांगायला लागले. माझ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या. "मराठी माणसाला दोन्हींसाठी वेगळा शब्द काढावासा वाटला नाही. दोन्ही चढतात आणि दोन्ही उतरतात. उतरताना त्रास राज्यालाच जास्त होतो." एवढं झाल्यावर त्यांनी एक पिशवी माझ्याकडून घेतली.

त्यांच्या घरात औषधांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यातल्या प्रत्येक बाटलीवर आणि पाकिटावर त्यांनी काळ्या पेनाने नातं लिहून ठेवलं होतं. खोकल्याच्या एका औषधावर 'अफूची धाकटी'. जुलाबाच्या गोळ्यांवर 'अफूची पुतणी, डोक्यात शिरत नाही, पोटातच राहते'. कंपनी देते ते नाव हे सासरचं, माहेर विसरायचं नाही, असा त्यांचा नियम होता. एकदा माझ्या मुलीच्या वाढदिवसाला कोल्ड्रिंकची बाटली हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले आणि मग तिच्या मैत्रिणींना म्हणाले, "हिचं माहेर कोकेनचं, मोठं बदनाम होतं. आता संबंध तुटलेत. प्या." मुली त्यानंतर बराच वेळ माहेर-माहेर करत खिदळत होत्या.

त्यांचा एक सिद्धांत होता. प्रत्येक पदार्थ आधी देवाच्या ताटात असतो, मग वैद्याच्या खलात जातो, तिथून शौकिनाच्या डबीत आणि शेवटी पोलिसांच्या पंचनाम्यात. तिथे कंटाळला, की डॉक्टरचा कोट घालून तो पुन्हा घरात येतो. भांग ह्या रस्त्याने कुठवर पोचली, तंबाखू कुठे अडकली, चहा कसा मधूनच निसटला, हे ते शेजारच्या घरातल्या भावंडांबद्दल बोलावं तसं सांगत. चहा नवा होता तेव्हा चहा पिणारी सून हाताबाहेर गेली असं समजत, हे त्यांनीच मला सांगितलं. आणि अफूबद्दल बोलायला लागले की गॅलरीतून खाडीच्या दिशेने हात करत. "पलीकडच्या मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जायची. पेट्या भरभरून, रीतसर पावती घेऊन. त्या पैशातून ज्या इमारती उठल्या त्यांच्यापुढे आपण फोटो काढतो. आणि आता त्याच समुद्राच्या काठावर सरकार कंटेनरपुढे कुत्रा उभा करतं. कुत्र्याला इतिहास माहीत नाही, म्हणून त्याची नोकरी टिकते."

हे सगळं ऐकून घ्यायला एकच माणूस होतं. माझी आई. संध्याकाळी ती त्यांच्या गॅलरीत जाऊन बसायची, डाव्या तळहातावर मिशरी घेऊन. दोघांचं एकमेकांना कितपत कळत होतं, देव जाणे. पण दोघांनाही घाई नव्हती.

एका प्रजासत्ताक दिनाला आमच्या सेक्रेटरींनी सोसायटी व्यसनमुक्त करायचं मनावर घेतलं. सेक्रेटरी भला माणूस. ध्वजवंदन झाल्यावर सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची होती. पहिलं वाक्य संपायच्या आत अंमलदारांनी विचारलं, "ह्यात चहा आहे का?"

"काका, चहा कसा असेल?"

"मिशरी?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं.

"आणि तुम्ही रात्री झोपेची गोळी घेता ती?"

"ती डॉक्टरांनी दिलीय, काका."

"अफूसुद्धा आधी डॉक्टरांनीच दिली होती."

तेवढ्यात आईने पुढे केलेला हात मागे घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंग म्या न्हाई शपत घ्यायची. झेंड्याम्होरं खोटं कशाला बोलू?" तिच्यामागोमाग चार-पाच बायकांचे हात खाली आले. शेवटी शपथेत 'बेकायदेशीर व्यसन' अशी दुरुस्ती झाली आणि पोहे गार झाले. अंमलदारांना तीही दुरुस्ती पटली नव्हती. उद्या कायदा बदलला तर आपण घरबसल्या सुधारू किंवा बिघडू, असं ते पोहे खाता खाता सांगत होते.

पुढे गच्चीवर दोन कॉलेजची पोरं पुडीसकट सापडली, तेव्हा मात्र सेक्रेटरींनी आधी अंमलदारांनाच बोलावलं. पोलिसांना फोन करायची तयारी होती. पोरांच्या आया रडत होत्या. ह्यांनी पुडी उघडली, वास घेतला, चिमूटभर तळहातावर चोळली. मग पोरांना विचारलं, "अंमल चढला होता?" एकजण खालमानेने हो म्हणाला. "कमाल आहे," हे म्हणाले. "ह्यात वाळलेली तुळस आढळली. कोथिंबिरीच्या काड्या आढळल्या. गांजा आढळला नाही. ह्यांना पोलिसांकडे नेऊ नका, ग्राहक मंचाकडे न्या." त्या पोरांची पुढे सोसायटीत इतकी टिंगल झाली, की पोलीस परवडले असते.

पुढच्या काळाबद्दलही त्यांचं सगळं ठरलेलं होतं. आई विचारायची, "फुडं काय व्हईल, सायेब?" विचारल्यावर ते चष्मा काढायचे. "तुमच्या नातीच्या काळात गांजा मॉलमध्ये मिळेल. सरकत्या जिन्याने वर गेलं की डावीकडे. एकावर एक फुकट. चहाला मात्र परवाना लागेल. आणि त्याच्याही पुढे पदार्थच राहणार नाही. कानामागे काहीतरी चिकटवतील आणि माणूस सोमवारी सकाळीसुद्धा आनंदात दिसेल. तेव्हा पोलीस दुःखी माणसाला पकडतील."

"आन् मिशरी?"

"मिशरी म्युझियममध्ये."

आई तोंडाला पदर लावून हसायची. मी एकदा म्हटलं, हल्ली मोबाइल हीच खरी नशा. तर ते चक्क रागावले. नशेत माणूस निदान थोडा वेळ तरी सुखी असतो, मोबाइलला नशा म्हणून नशेचा अपमान करू नका, म्हणाले.

मिशरीने कॅन्सर होतो हेही त्यांनी आईला सांगितलं होतं. एकदाच, सरळ. आई म्हणाली, "म्हाईत हाय." ते म्हणाले, "माहीत असावं म्हणून सांगितलं." विषय तिथेच संपला.

आणि तसंच झालं. आईच्या खालच्या हिरडीला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, आता दुखणं आटोक्यात ठेवायचं. दुखणं भयंकर होतं. पेजेचा घोटसुद्धा उतरत नव्हता. आई टॉवेलचं टोक मुठीत धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. ती ओरडत नसे, आणि तेच मला बघवत नसे. मग मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, मोठ्या हॉस्पिटलातून आणाव्या लागायच्या. आईला मी सांगितलं, सुजेची गोळी आहे.

चार दिवस बरे गेले. आई जेवली, झोपली, नातीची वेणीसुद्धा घालून दिली. पाचव्या दिवशी सकाळी तिने गोळी माझ्या हातावर परत ठेवली. "ह्या झोपंची मला वळख हाय," म्हणाली, आणि तोंड मिटून घेतलं.

मग पुन्हा तो टॉवेल. मी हात जोडले, चिडले, रडले. डॉक्टरांनी फोनवर समजावलं. ती नुसती मान हलवायची. का नको, तेही सांगेना. शेवटी एका दुपारी म्हणाली, "खालच्या सायबास्नी बोलीव. त्ये खरं काय ते सांगतील."

मी खाली जाऊन आधी त्यांना विनवलं. "काका, पाया पडते. आज एक दिवस अफू म्हणू नका. सुजेची गोळी म्हणा."

"बघू," ते म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेले.

आईच्या पलंगाशेजारी ते खुर्चीत ताठ बसले. आईला बोलायला त्रास होत होता, तरी तिने लगेच विचारलं, "सायेब, ही अफू हाय का?"

मी त्यांच्या पाठीमागून त्यांच्या खांद्याला हात लावला.

"हो," ते म्हणाले. "अफूचीच. थोरली मुलगी."

त्या क्षणी ह्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावं असं मला वाटलं. आईने डोळे मिटले. "मंग न्हाई घ्यायची."

"का?"

तेव्हा तिने जे सांगितलं, ते मला माझ्या पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. तिला एक भाऊ होता, हेच मला माहीत नव्हतं.

"धाकला हुता. पाच-सा म्हैन्यांचा. आय रानात भांगलाया जायची. जाताना त्येला बाळगोळी चाटवायची. अफूची. म्हंजी दिसभर निजंल. समद्याच बाया चाटवायच्या. म्या आठ-नऊ वर्साची, घरी त्येच्यापाशी. त्या दिशी दुपारी जागा झाला आन् रडाया लागला. ऱ्हाईचना. मला भाईर पोरींत खेळाया जायाचं हुतं. डबी फळीवर हुती. म्या आनकी एक चाटवली."

ती थांबली. मी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही.

"आय आली तवा गार पडला हुता. लोक म्हणलं, दिष्ट लागली. आय बी तेच म्हणाली. म्या कुणाला बोलले न्हाई. आन् आता त्योच माल खाऊन म्या सुकानं निजू व्हय?"

अंमलदारांनी खुर्ची पुढे ओढली आणि प्रयोगशाळेत नमुना घेऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारायला लागले.

"गोळी केवढी होती?"

"मवरीयेवढी. काळी."

"मधे तुम्ही त्याला पाहिलंत?"

"बगितलं की. खेळून आले तवा. घोरत हुता. मदीच श्वास थांबायचा. लई येळानं परत एक घ्यायचा. हलवलं तर उठंना. पापणी वर करून बगितली तर बुबळ टाचणीच्या टोकायेवढं."

"ओठ?"

"निळं."

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "अंग गरम होतं?"

"आसंल. उनाचं दिस हुतं."

"आदल्या दिवशी खोकत होता का?"

"खोकला... ल्हान पोरास्नी असतुयाच की खोकला."

"दूध नीट पीत होता?"

"रडतच हुता सकाळधरनं."

"न्यूमोनिया," ते म्हणाले. "छातीत कफ भरला होता, बाई. सकाळपासून रडत होता तो त्यानेच. श्वास अडत होता तोही त्यानेच. तुम्ही गोळी दिली असती काय आणि नसती काय, तो संध्याकाळ काढणार नव्हता. मृत्यू अफूने झाल्याचं आढळत नाही."

आई त्यांच्याकडे एकटक बघत होती. "आन् बुबळ?"

"तान्ह्या मुलांची तशीच असतात."

"नक्की?"

"मी कधी तुमच्याशी अंदाजाने बोललोय का?"

आईच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत जात होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग तिने माझ्यापुढे हात पसरला. मी गोळी ठेवली. तिने ती जिभेवर ठेवली आणि मग पाणी मागितलं.

त्यानंतर ती दोन महिने जगली. त्या दोन महिन्यांत तिने एकही गोळी चुकवली नाही. उशीर झाला तर स्वतः आठवण करायची. आणि भावाबद्दल बोलायची. त्याला सगळे बाळ्या म्हणत. त्याचं जावळ कसं दाट होतं, तिचं बोट धरलं की कसा सोडायचा नाही, आंघोळीला कसा खूश असायचा. इतकी वर्षं आत कोंडलेलं ते पोर आमच्या घरात रांगत होतं. माझी मुलगी त्याला बाळ्याआजोबा म्हणायला लागली होती. एका सकाळी आई झोपेतच गेली. चेहरा शांत होता.

दिवसवार झाल्यावर मी उरलेल्या गोळ्या घेऊन खाली गेले. त्या कचऱ्यात टाकायच्या नसतात, हॉस्पिटलला परत कशा करायच्या ते त्यांना माहीत असणार होतं. त्यांनी पाकिटं टेबलावर नीट एकाशेजारी एक मांडली. मला त्यांचे आभार मानायचे होते. त्या दुपारी मी त्यांच्याबद्दल मनात काय काय आणलं होतं, तेही सांगायचं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, न्यूमोनिया होता हे तुम्ही किती बरोबर ओळखलंत."

ते चष्मा पुसत होते. पुसत राहिले.

"न्यूमोनिया नव्हता," ते म्हणाले.

"मग?"

"अफूच. दुसऱ्या गोळीने."

मी खुर्चीवर बसले. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं. त्यांनी चष्मा घातला, पाकिटं उचलून लिफाफ्यात भरली आणि लिफाफा बंद केला.

"लक्षणं फार नीट सांगितली तुमच्या आईनं," ते म्हणाले. "इतकी वर्षं झाली, पण त्यांचं एकही चुकलं नाही."